शिक्का नसलेली जुनी जर्मन गमतीदार पोर्सिलेन मूर्ती कोणत्या कारखान्याची, हे कसे ओळखावे?

तळाशी शिक्का नसला, तरी कच्च्या मातीतच दाबून उमटवलेला आकडा आहे का, हे आधी तिरप्या उजेडात पाहावे. कारण जर्मनीच्या थुरिंगिया प्रदेशातील पोस्नेक येथील कोंटा आणि बोएमे या कारखान्याच्या, इंग्लंडमधील जत्रांत पूर्वी मिळणाऱ्या विनोदी मूर्तींवर अनेकदा एवढा साचा-क्रमांकच आढळतो, आणि त्याच क्रमांकाची, ढालीत खंजीर धरलेल्या हाताचा शिक्का असलेली दुसरी प्रत सापडली, तर ओळख बरीच पक्की होते. रुडोल्स्टाटच्या शेफर आणि फाटर या कारखान्याच्या मिश्कील चेहऱ्यांच्या बाटल्यांनाही हीच पद्धत लागू पडते. नुसता ‘जर्मनी’ हा शब्द कारखाना सांगत नाही. मात्र मालावर देशाचे नाव सक्तीचे करणाऱ्या अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे अशी वस्तू बहुधा १८९१ नंतरची ठरते. केवळ चेहरेपट्टीवरून विक्रेत्याने सांगितलेले नाव मी तरी ग्राह्य धरणार नाही.