दाढेतले सिमेंट निघाले तर : वाचकांच्या प्रश्नांना दंतवैद्यांची उत्तरे

प्रश्न : शनिवारी रात्री चिक्की खाताना दाढेतले जुने सिमेंट निघून आले. दुखत नाही, पण गार पाणी लागले की सणक येते. दवाखाना सोमवारी उघडेल. तोवर काय करावे? (बार्शी)

उत्तर : सोमवारपर्यंत थांबायला हरकत नाही, मात्र त्याचा पुढचा सोमवार होऊ देऊ नका. सिमेंटखाली उघडा पडलेला दाताचा थर अतिसूक्ष्म नलिकांनी भरलेला असतो आणि त्या नलिका आतल्या नसेकडे जातात, म्हणून गार किंवा गोड लागताच सणक येते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक जेवणानंतर चूळ भरावी, मऊ ब्रशने खड्डा हलकेच स्वच्छ ठेवावा आणि दुसऱ्या बाजूने चावावे. टाचणीने किंवा काडीने खड्डा कोरू नये. निघालेला तुकडा पुन्हा बसवता येत नाही, त्यामुळे तो जपून ठेवण्याचे कारण नाही.

गालावर किंवा हनुवटीखाली सूज आली, ताप चढला, तोंड उघडेना, गिळताना अथवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर मात्र सोमवारची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. मधुमेह असणाऱ्यांनी याबाबत अधिकच सावध असावे.

प्रश्न : सासूबाई मिश्री लावायला सांगतात, शेजारी म्हणतात, डोकेदुखीची गोळी दाढेशी दाबून धरा. यांतले खरे काय? (कराड)

उत्तर : दोन्ही करू नये. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती दाढ बरी करत नाही, उलट सवय लावते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी धरली की ती आम्लाने भाजते. पांढरा चट्टा पडलेली हिरडी घेऊन येणारे रुग्ण आम्ही पाहतो. गोळी पाण्याबरोबर पोटात घ्यायची असते. पॅरासिटामॉल चालत असेल तर वेष्टनावरील प्रमाणात घ्यावी. प्रतिजैविके मात्र मनाने घेऊ नयेत, कारण उघड्या दाढेची कळ त्यांनी थांबत नाही.

लवंगेचे तेल मात्र खरोखर उपयोगी आहे. कापसाच्या छोट्या बोळ्यावर एक थेंब घेऊन तो खड्ड्यात काही मिनिटे ठेवावा, हिरडीला लागू देऊ नये आणि लहान मुलांसाठी वापरू नये. हे तेल लावले असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यातील युजेनॉलमुळे दाताच्या रंगाचे सिमेंट नीट घट्ट होत नाही.

प्रश्न : जेवताना चांदीच्या भरणाचा तुकडा गिळला गेला. त्यात पारा असतो म्हणतात. विषबाधा होईल का? (नागपूर)

उत्तर : नाही. या मिश्रणात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो हे खरे, पण तो चांदी, कथील व तांबे यांच्याशी बांधला गेलेला असतो आणि गिळलेला तुकडा बहुधा शौचावाटे निघून जातो. गिळल्यानंतर सतत खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शंका घेऊन लगेच तपासून घ्यावे. घाबरून तोंडातील इतर धड भरणे काढवून घेऊ नका. ती कोरताना पाऱ्याची वाफ अधिक सुटते.

प्रश्न : एकाच दाढेतले सिमेंट तिसऱ्यांदा निघाले. डॉक्टर बदलू का? (ठाणे)

उत्तर : डॉक्टर बदलण्याआधी प्रश्न बदला. ‘पुन्हा भरून द्या’ असे न म्हणता ‘का निघते?’ असे विचारा. दाताच्या रंगाचे सिमेंट प्रकाशाने घट्ट होताना किंचित आक्रसते आणि भरतेवेळी लाळ किंवा हिरडीतले रक्त लागले तर त्याची पकड कच्ची राहते. कडेच्या फटीतून खाली नवी कीड लागलेली असू शकते. तसे असेल तर वरून कितीही सुबक भरले तरी ते टिकत नाही. रात्री दात खाण्याची सवय, सुपारी किंवा बर्फ फोडणे, समोरच्या दाढेचा जास्त दाब हीही कारणे असतात. खड्डा मोठा आणि भिंती पातळ असतील, तर आणखी सिमेंट भरण्यापेक्षा कॅप बसवणे शहाणपणाचे. खर्च वाढतो हे मान्य, पण दाढ उभी चिरली आणि चीर मुळापर्यंत गेली की बहुधा ती काढावीच लागते.

प्रश्न : रूट कॅनल झाले, कॅप बसवायची राहिली आणि वरचे सिमेंट पडले. दुखत नाही, तर घाई आहे का? (पुणे)

उत्तर : आहे, आणि पहिल्या प्रश्नातील वाचकांपेक्षा जास्त. तुमच्या दाढेतली नस काढलेली असल्याने धोक्याची सूचना देणारी कळ येणारच नाही. उघड्या खड्ड्यातून लाळेतले जंतू आत शिरले, तर केलेले रूट कॅनल पुन्हा करावे लागू शकते, शिवाय पोखरलेली दाढ चावताना सहज फुटते. दोन-तीन दिवसांत दाखवा.

ज्यांची कॅपच निघाली आहे त्यांनी ती धुऊन डबीत घालून सोबत न्यावी; दाढ व कॅप शाबूत असतील तर बहुतेकदा तीच पुन्हा बसते. फेविक्विकने ती घरी चिकटवू नये. तिरकी बसली तर काढताना दाढच फुटण्याची भीती असते.