हुसवादी युद्धांतले उमराव: श्रद्धा, शपथ आणि जमीन

प्रश्न असा की १४१९ ते १४३४ या काळातल्या बोहेमियाच्या (आजच्या चेक देशातल्या) हुसवादी युद्धांत, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांनी कॅथलिक चर्च आणि राजाविरुद्ध केलेल्या लढ्यांत, उमराव सेनापती धर्मासाठी लढले की जमिनीसाठी, आणि ते सारखी बाजू का बदलत होते.

जमिनीचा मोह होताच. हुसवादी सरदारांनी मठांच्या जमिनी बळकावल्या, आणि खुद्द कॅथलिक राजा सिगिस्मुंडनेही पैशासाठी चर्चच्या जमिनी आपल्या सरदारांकडे गहाण टाकल्या. पण सगळा हिशेब एवढ्यावरच मांडला तर ही माणसं मुळीच कळत नाहीत. खरा पेच दोन निष्ठांचा होता: एक आपल्या पंथाशी, दुसरी राजाशी.

यान हुसला ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्सला जाळलं. दोन महिन्यांच्या आत बोहेमिया आणि मोराव्हियाच्या ४५२ सरदारांनी निषेधाच्या पत्रांवर आपापल्या मोहरा लावल्या. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक वार्टेनबेर्कचा चेन्येक. याने एप्रिल १४२० मध्ये सिगिस्मुंडशी नातं तोडलं, आणि मे महिन्यात प्रागचा किल्ला त्याच्याच हवाली केला! मात्र तेव्हाही आपल्या माणसांना प्रभुभोजनात, म्हणजे चर्चमधल्या पवित्र विधीत, भाकरीबरोबर द्राक्षारसाचा चषक मिळावा, ही अट त्याने घातली. कॅथलिक चर्च सामान्य भाविकाला फक्त भाकरी देई; चषक ही हुसवाद्यांची मुख्य मागणी होती. मठ जळताना आणि शहरं शिरजोर होताना पाहून तो घाबरला होता, पण चषक त्याने सोडला नव्हता.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १ नोव्हेंबर १४२० ची विशेह्रादची लढाई. हुसवादी प्रागकरांनी तिथला राजाचा किल्ला वेढला होता. आतली शिबंदी घोडे खाऊन जगत होती, आणि ठरलेल्या घटकेपर्यंत मदत आली नाही तर किल्ला सोडायचा, असा तिने करार केला होता. सिगिस्मुंड पोचला, पण ती घटका टळल्यावर. किल्लेदाराने प्रागकरांना दिलेला शब्द पाळला, शिबंदी राजाच्या मदतीला बाहेर पडली नाही. तरीही राजाने हल्ला करायचं ठरवलं आणि मोराव्हियाच्या सरदारांना खालच्या दलदलीच्या बाजूने पाठवलं. त्यांचा म्होरक्या प्लुम्लोव्हचा यिंद्रिख याने धोका सांगितला, शेतकऱ्यांच्या मळणीच्या दांडक्यांची धास्तीही बोलून दाखवली. राजाने त्यांना भित्रे ठरवलं. मग ते घोड्यांवरून उतरले आणि पायीच पुढे गेले.

सुरुवातीला प्रागकर मागे हटले. हिनेक क्रुशिनाने, म्हणजे तोही एक उमरावच, त्यांना सावरून उलट चढाई केली आणि राजाचं सैन्य मोडलं. यिंद्रिख जबर जखमी झाला. बखरकार सांगतो की मरण्यापूर्वी त्याने भाकरी आणि चषक दोन्ही घेतले. म्हणजे ज्या पंथाविरुद्ध तो लढत होता, त्याच पंथाच्या रीतीने! हा बखरकार स्वतः हुसवादी, तरी मारल्या गेलेल्या त्या सरदारांसाठी तो मनापासून हळहळतो. यिंद्रिखला फितूर म्हणणार की भाविक? माझ्या मते तो राजाला दिलेल्या शब्दापायी मेला.

सगळ्यांना हा न्याय लावू नका. रोझ्म्बेर्कचा ओल्डरिख याने १४२० मध्येच कॅथलिक बाजू धरली आणि पुढे घराण्याच्या हक्कांसाठी खोटे दस्तऐवजसुद्धा बनवले. तिथे लोभच ठळक दिसतो.

लिपानीला ३० मे १४३४ रोजी ताबोर आणि अनाथ या जहाल हुसवादी पंथांच्या फौजा मोडल्या, त्यांचा सेनानी प्रोकोप होली पडला. जिंकणाऱ्या, मवाळ हुसवादी आणि कॅथलिक यांच्या युतीचा सेनापती होता मिलेतिनेकचा दिविश बोर्झेक, चषक मानणारा हुसवादी. रोझ्म्बेर्कचे सैनिक त्याच्याच बाजूने होते. दोनच वर्षांनी, १४३६ मध्ये, यिह्लावा इथे झालेल्या करारात चषकाची मुभा मान्य झाली.