पफ पॅनल जुनं झालं म्हणजे नेमकं काय होते?

प्रश्न : वरूडकडं आमची संत्र्याची बाग हाय. भाव पडले की आंबिया बहाराचा माल थोडे दिवस थांबवता यावा म्हणून वावरातच छोटी कोल्ड रूम बांधायचा विचार करून रायलो. एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजचे 60 एमएम जाडीचे पफ पॅनल (दोन पत्र्यांच्या मधात पॉलियुरेथेनचा कडक फेस म्हणजे पफ भरलेले) कबाड्याकडं अर्ध्या भावात भेटते, पण बारा वर्षं जुने हायेत. कबाडी म्हणते पफ काही सडत नाही, जुनं काय अन् नवं काय. खरं काय समजायचं?
– एक संत्रा बागायतदार

उत्तर : कबाडी अर्धं खरं बोलून रायला भाऊ. पफ सडत नाही हे बरोबर, पण त्याच्या आतला गॅस बदलते, आणि थंडी धरायचं खरं काम तो गॅसच करते. पॅनल बनवताना दोन केमिकल मिसळले की फेस फुगतो आणि बारीक-बारीक बंद कप्प्यांत गॅस अडकून राहतो. तुमच्या पॅनलच्या वेळी तो बहुतेक एचसीएफसी-141बी नावाचा गॅस असणार, त्याची आयात आपल्या देशात 1 जानेवारी 2020 पासून बंद झाली, ओझोनच्या थराला तो खातो म्हणून. आता बऱ्याच ठिकाणी सायक्लोपेंटेन वापरतात. सोबत थोडा कार्बन डायऑक्साइड पण असतो. हे सगळे हवेपेक्षा उष्णता कमी नेतात, सायक्लोपेंटेन तर हवेच्या निम्मीच.

आता सायकलची ट्यूब पंक्चर नसली तरी महिन्या दोन महिन्यांत ढिली पडतेच ना, तसंच इथं. कार्बन डायऑक्साइड सगळ्यात आधी पळतो, बाहेरून ऑक्सिजन घुसतो, त्याच्या मागून हळूहळू नायट्रोजन, आणि जड गॅस मात्र वर्षानुवर्षं रेंगाळत जातो. म्हणून ताज्या फोमचा उष्णता नेण्याचा आकडा (जितका कमी तितका फोम चांगला) 0.022 च्या आसपास असला तर उघडा पडलेला जुना फोम 0.027 पर्यंत जाऊ शकतो. हिशेब केला तर असा जुना 60 एमएम म्हणजे नव्या 49 एमएमच्या बरोबरीचा. कंप्रेसर तेवढा जास्त चालणार, बिल तुमचं.

पण घाबरू नका, तुमच्या पॅनलला दोन्हीकडून लोखंडी पत्रा आहे आणि पत्र्यातून गॅस जात नाही, चोरवाट फक्त कडांची. आख्खा पॅनल असेल तर मधला भाग बारा वर्षांनीही बऱ्यापैकी शाबूत असतो. भानगड होते ती पॅनल कापल्यावर. रूम छोटी म्हणून चार-चार फुटाचे तुकडे केले की प्रत्येक कापावर नवीन उघडी कड तयार झाली, ती तशीच सोडली तर तिथून म्हातारपण सुरू. कापलेल्या कडेला त्याच दिवशी ॲल्युमिनियमची टेप लावा, जॉइंटमध्ये सिलिकॉन भरा. (गॅस कटर, वेल्डिंग पफजवळ अजिबात नको, हा फोम पेटला तर धूर जीवघेणा असतो.) उन्हानं हे सगळं जोरात चालते, युरोपात नमुना मुद्दाम 70 डिग्रीला काही आठवडे ठेवून म्हातारा करतात अन् मग तपासतात. आपल्याकडं मे महिन्यात उन्हातला गडद पत्रा असाच चटके देतो, म्हणून रूम शेडखाली घ्या, निदान वरून पांढरा रंग मारा.

गॅसपेक्षा मला जास्त भेव पाण्याचं वाटते. पाणी हवेच्या वीस पटीहून जास्त उष्णता नेते, आणि बंद पडलेल्या स्टोरेजचे पॅनल पावसात उघडे पडले असतील तर फोमनं पाणी पिलं असणार. ते ओळखायला वजनकाटा पुरे. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 60 एमएमचा पॅनल अर्ध्या एमएमच्या पत्र्याचा असेल तर कोरडा 30-32 किलोच्या आसपास भरला पाहिजे, काटा 38-40 दाखवत असेल तर भाऊ तो पॅनल तिथंच ठेवा. पत्र्यावर टकटक पण करून पाहा, पोकळ वाजला तर पत्रा फोमपासून सुटला.

वजन बरोबर आलं तर भिंतीला खुशाल घ्या, संत्र्याला 5 ते 7 डिग्रीच पाहिजे. छताला मात्र नवे 80 एमएमच घ्या. अन् पैसे वाचवायला नवं थर्माकोल लावायचं डोक्यात असेल तर ते काढून टाका, थर्माकोलात सुरुवातीपासून हवाच असल्यासारखी, आकडा 0.035 च्या घरात, कोरडा जुना पफ त्यापेक्षा कधीही बरा.

प्रश्न : गोदामाच्या टिनावर बाहेरून स्प्रे फोम मारला होता, दोन उन्हाळ्यांत पिवळा पडला, बोट फिरवलं की भुगा निघते. गॅस निघून गेला का?
– एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : नाही, हे उन्हाचं काम. ऊन फक्त वरचा थर खाते, खालचा फोम सहसा ठीक असतो. भुगा ब्रशनं झाडा, भेगा फोमनंच भरा आणि पांढरं ॲक्रेलिक किंवा सिलिकॉन कोटिंग दोन हात मारा, पण मृगाच्या आधी, नाहीतर भेगेतून पाणी शिरून खालून टिनच गंजते.