गुरूंच्या हाताखाली घडलेला आजचा ब्लूज गिटारवादक कोण?

(ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेली शैली.) माझं उत्तर: क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्राम. जन्म १९९९, गाव अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल. तिथल्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये मुलांना वाद्यं शिकवतात. लहानपणी तो तिथेच शिकला. बिल ‘हाउल-एन-मॅड’ पेरी आणि रिचर्ड ‘डॅडी रिच’ क्रिसमन हे त्याचे गुरू. ‘किंगफिश’ हे नावही पेरींनीच ठेवलेलं.

पुढे ज्येष्ठ ब्लूज गिटारवादक बडी गाय यांनी त्याला उचलून धरलं. पहिला अल्बम ‘किंगफिश’ २०१९ मध्ये आला, तर दुसऱ्या ‘६६२’ला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. (६६२ हा उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड.)

मला सगळ्यात भावते ती ही परंपरा. बडी गाय तरुणपणी शिकागोत आले, तेव्हा त्यांना आधार दिला त्यांच्या आधीच्या पिढीतले ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स यांनी. आणि मडी वाढले ते क्लार्क्सडेलजवळच्याच स्टोव्हल मळ्यावर! त्यांच्या लाकडी खोपटाचे अवशेष त्याच म्युझियममध्ये ठेवले आहेत, जिथे हा मुलगा गिटार शिकला. आपल्याकडच्या घराण्यासारखंच हे.

सुरुवात किंगफिशच्या ‘फ्रेश आउट’ या गाण्यापासून करा. त्यात बडी गाय त्याच्यासोबत आहेत. दोघांचे सूर वेगवेगळे ओळखू येईपर्यंत पुन्हा पुन्हा ऐका.