सागाची साल नेमकी कोणी सोलली?

प्रश्न : चंदगड तालुक्यात आमच्या मालकीच्या रानात मनगटाएवढे जाड साग आहेत. या उन्हाळ्यात सात-आठ झाडांची बुंध्याजवळची साल गेली, खाली ढलप्या पडल्यात. आसपास गव्याचे खूर उमटलेत. काम गव्याचेच ना? झाडे वाचतील का?

उत्तर : खुरांवरून निवाडा करू नका, गवा तिथून नुसता गेलाही असेल. जखम पाहा. गवा आणि सांबर यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते खालचे दात रुतवून साल वर ओढतात. लांब पट्टी निघते, वर निमुळती होते, पुष्कळदा तिथेच लोंबते. साळिंदराला वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे दात असतात, म्हणून ते कुरतडते. खोडावर छिन्नी चालवल्यासारखे आखूड, जोडीने चरे दिसतात, तेही गुडघ्याच्या खालीच, आणि बुंध्याशी ढलप्या पडतात. तुमचे वर्णन साळिंदराकडेच बोट दाखवते. पडलेला काटा किंवा लांबट लेंड्या सापडल्या तर शंकाच नको.

नर सांबर शिंगे घासते तेव्हा दातांच्या खुणा नसतात. लाकूड गुळगुळीत होते आणि जखमेच्या वर-खाली सालीच्या चिंध्या राहतात.

आता झाडांचे. पानांत तयार झालेले अन्न आंतरसालीतून मुळांकडे उतरते. साल खोडाभोवती पूर्ण वलयात गेली असेल, तर मुळे उपाशी राहतात. पाने काही महिने हिरवी दिसतात, म्हणून फसू नका. एका बाजूची साल शाबूत असेल, तर झाड बहुधा तगते. धारदार सुरीने सुटलेली साल निरोगी कडेपर्यंत कापा आणि बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगळे भिजवून प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करा. लोखंडी भांडे नको. स्वच्छ लोखंडी पाते बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

पूर्ण वलय गेलेला साग जमिनीलगत कापला की खुंटातून धुमारे फुटतात. एकच जोमदार ठेवा. मात्र मालकीचा असला तरी साग तोडायला परवानगी लागते, ती आधी काढा.

उरलेल्या झाडांना 75 सेंटिमीटर उंच जाळी लावा. तिची खालची 15 सेंटिमीटर जमिनीत गाडा, कारण साळिंदर उकरते. खोडापासून चार बोटे अंतर सोडा. खोडाला तार आवळली तर पुढे तीच साल कापते. फास किंवा विष मुळीच नको : 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि फासात भेकरसुद्धा अडकते.