वाचकांचे प्रश्न : कोरियातलं एका खोलीचं घर

प्रश्न : माझी पुतणी कॅनडाची नागरिक आहे. देगूमधल्या एका हाग्वनमध्ये, म्हणजे खासगी शिकवणीत, तिला इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली आहे. ‘घर देऊ किंवा दरमहा भाडेभत्ता’ असं करारात आहे. काय घ्यावं? (ठाणे)

उत्तर : पहिल्या वर्षी घरच घ्यावं. कारण एकच, डिपॉझिट. तिथे भाडं जोडीने सांगतात आणि आकडे दहा हजारांच्या पटीत बोलतात. ‘पाचशेला पन्नास’ म्हणजे डिपॉझिट ५० लाख वॉन आणि भाडं महिना ५ लाख वॉन. नुकत्याच उतरलेल्या शिक्षिकेकडे एवढी रोकड कुठून असणार?

शाळेच्या घराची मेख अशी, की भाडेकरार शाळेच्या नावावर असतो. नोकरी सुटली की घरही सुटतं. नोकरी संपल्यावर किती दिवस राहता येईल आणि इमारतीचा देखभाल खर्च, म्हणजे ग्वाल्लीबी, कोण भरणार, हे करारात लिहून घ्यावं. वीज, गॅस आणि इंटरनेट बहुधा शिक्षकाच्याच खिशातून जातं. पोचल्या दिवशीच बुरशी, तडे, गादीवरचे डाग यांचे फोटो काढून शाळेला पाठवावेत. नाहीतर निघताना ते तिच्या नावावर लागतात.

पुढे भत्ता घेऊन स्वतः घर बघितलं, तर पैसे देण्याआधी मालमत्तेचा नोंदणी उतारा बघावा. ऑनलाइन बघायला ७०० वॉन लागतात. आपल्याकडच्या प्रॉपर्टी कार्डासारखाच प्रकार. मालकाच्या भागातलं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव एकच हवं. कर्जाच्या भागात मोठा बोजा दिसला तर सरळ निघून यावं. राहायला गेल्यावर १५ दिवसांत पत्ताबदल नोंदवावा आणि भाडेकरारावर तारखेचा शिक्का घ्यावा. हे राहिलं आणि घर लिलावात गेलं, तर डिपॉझिटच्या रांगेत आपण मागे.

प्रश्न : मुलाच्या खोलीत भिंतीवर बॉयलरचं पॅनेल आहे, सगळं कोरियनमध्ये. गॅसचं बिल भलतंच येतंय. (पुणे)

उत्तर : तिथे घर तापतं ते जमिनीतून, फरशीखालच्या नळ्यांत फिरणाऱ्या गरम पाण्याने. हेच ओन्दोल. पॅनेलवर बहुधा ‘सिल्ले’ आणि ‘ओन्दोल’ असे दोन पर्याय असतात. सिल्लेमध्ये पॅनेल हवेचं तापमान मोजतं. पॅनेल दाराजवळ, थंड झुळकीत असलं तर आकडा चढतच नाही आणि बॉयलर रात्रभर जळत राहतो. भलत्या बिलाचं हे नेहमीचं कारण. अशा खोलीत ओन्दोल लावावं. ते फिरत्या पाण्याचं तापमान धरतं. ५० अंशांपासून सुरुवात करून बघावं.

‘वेचुल’ हे बाहेर जातानाचं बटण. कडाक्याच्या थंडीत त्यावर विसंबू नये, नळ्या गोठतात. तापमान थोडं कमी करून बॉयलर चालूच ठेवावा आणि नळ गरम बाजूला वळवून पाण्याची बारीक धार सोडावी. अशा दिवसांत बाल्कनीतलं वॉशिंग मशीनही लावू नये. गोठलेल्या सांडपाण्याच्या नळीतून पाणी मागे फिरतं आणि खालच्या मजल्याच्या बाल्कनीत शिरतं. मग भांडणं.

प्रश्न : ओला कचरा वेगळा टाकूनही घरमालकीण परत पाठवते. (नाशिक)

उत्तर : आपला ओला कचरा आणि त्यांचा अन्नकचरा एक नव्हे. त्यातून जनावरांचं खाद्य नि खत करतात, म्हणून कसोटी सोपी: जनावर खाईल का? कांद्या-लसणाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याची कोय, चहाचा चोथा हे सगळं साध्या कचऱ्यात. उरलेली भाजी, भात, सफरचंदाची साल अन्नकचऱ्यात, पाणी निथळून. साध्या कचऱ्याची पिशवी आपापल्या प्रभागाची, छापील, विकतचीच लागते; शेजारच्या प्रभागातली सहसा चालत नाही. बारकावे प्रभागागणिक बदलतात, तेव्हा दाराजवळचा फलक फोनने भाषांतर करून वाचावा.

प्रश्न : मिक्सर आणि कुकर न्यावा का? (कोल्हापूर)

उत्तर : मिक्सर चालेल. तिथे २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आहे, पण आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. ॲडॉप्टर अर्थिंगवाला घ्यावा. कुकरच्या बुडाला आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर इंडक्शनवर तो तापणार नाही, आणि अशा खोल्यांत पुष्कळदा इंडक्शनच असतं.