वाचक विचारतात : जुन्या बाजारातलं मेडल आणि पानिपतावरची तोफ

रविवारी जुन्या बाजारात एकाने १८४९ सालचं शीख युद्धाचं मेडल दाखवलं. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा साहेब आणि समोर हत्यारं टाकणारे शीख. वरच्या पट्टीवर इंग्रजीत मुलतान. घ्यावं का? आणि इकडची माणसं तिकडे कशाला गेली असतील? – एक वाचक, कोथरूड

वर्णनावरून हे पंजाब मेडल आहे, इंग्रज आणि शिखांच्या दुसऱ्या युद्धाचं (१८४८-४९). तो घोड्यावरचा साहेब म्हणजे जनरल गिल्बर्ट, मार्च १८४९ मध्ये रावळपिंडीला शीख सैन्याने त्याच्यापुढे शस्त्रं ठेवली तोच प्रसंग कोरलाय. आता खरं-खोटं बघायचं तर आधी चित्र सोडा आणि मेडलची कड बघा. खऱ्या मेडलच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण ठशाने उमटवलेली असते, कड कोरी असेल किंवा तिच्यावर साच्याचा जोड दिसत असेल तर सरळ पुढे चालायला लागा. व्यास साधारण ३६ मिलिमीटर, फीत गडद निळी आणि दोन्ही कडांजवळ एकेक बारीक पिवळी रेघ. साच्यात ओतलेल्या नकलेत चेहरे मऊ पडतात, राणीचे केस गोळा झाल्यासारखे दिसतात, भिंग नेलंत तर दोन मिनिटांत कळतं. पट्ट्या तीनच असतात, मुलतान, चिलियनवाला आणि गुजरात, आणि हे गुजरात म्हणजे चिनाबजवळचं गाव, अहमदाबादवालं नाही, तेव्हा विकणाऱ्याने सुरतेची गोष्ट सांगायला घेतली तर हसून ऐका. घेतलंतच तर एक लक्षात असू द्या, शंभर वर्षांवरची वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते, ती अमेरिकेतल्या मुलाला कुरिअर करता येत नाही.

इकडची माणसं गेली होती, चांगली फौजच गेली होती. एप्रिल १८४८ मध्ये मुलतानला दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, तिथला सुभेदार दिवाण मुलराज बंडावर आला, इंग्रजांनी वेढा घातला आणि सप्टेंबरात इंग्रजांच्या बाजूचा शीख सरदार शेरसिंग अटारीवाला आपल्या फौजेसकट उलटल्यावर तो उठवावा लागला. मग डिसेंबरात मुंबई इलाख्याची फौज जाऊन मिळाली तेव्हा कुठे वेढा परत आवळला गेला. त्या पलटणींत कोकणातले मराठे होते, महार होते, उत्तरेकडचे परदेशीही होते. ३० डिसेंबरला एक गोळा बरोबर मुलराजाच्या दारूकोठारावर पडला, शेकडो माणसं एका क्षणात गेली, आणि २२ जानेवारीला मुलराज शरण आला. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या पलटणीच्या, युद्धसन्मानांत मुलतान, गुजरात आणि पंजाब ही नावं आहेत ती या मोहिमेची. म्हणजे पानिपत होऊन नव्वद वर्षंही झाली नव्हती आणि आपली माणसं पंजाबात परत गेली ती इंग्रजांच्या पगारावर. मला तरी हे मेडल बघताना अभिमान वाटावा की काय ते ठरवता येत नाही, तुम्ही तुमचं बघा.

पानिपतात आपल्यावर चाललेली तोफ लाहोरला आहे म्हणतात, खरंय का? आणि ती शिखांची कशी? – शनिवार पेठ

खरंय. तिचं नाव झमझमा, लाहोर म्युझियमसमोर रस्त्याच्या मधोमध चौथऱ्यावर उभी आहे. अब्दालीच्या वजिराने १७५७ मध्ये ओतवून घेतली, लांबी चौदा फुटांच्या वर, तोंड साडेनऊ इंच. धातूसाठी लाहोरच्या घराघरातून तांब्यापितळेची भांडी गोळा केली असं सांगतात. १७६१ मध्ये पानिपतावर आपल्या लोकांनी तिचा मार खाल्ला. पुढच्याच वर्षी भंगी मिसलीच्या (मिसल म्हणजे शिखांचा लढाऊ जथा) शिखांनी ती पळवली, म्हणून तिला भंग्यांची तोफ म्हणायला लागले. (भंगी हे मिसलीचं नाव, भांगेवरून पडलेलं, दुसरा अर्थ काढू नका.) १८०२ मध्ये रणजितसिंगाने अमृतसर घेतलं तेव्हा ती त्याच्याकडे आली आणि १८१८ च्या मुलतानच्या वेढ्यात इतकी खराब झाली की पुढे ती शोभेचीच राहिली. माझं मत विचाराल तर याच कारणाने ती लाहोरात टिकली. कारण रणजितसिंगाच्या चालू तोफा, ज्यातल्या बऱ्याच कूर या फ्रेंच अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तयार झाल्या होत्या आणि इंग्रजांच्या तोफांना पुरून उरत होत्या, त्यातल्या दोनशेच्या वर इंग्रज-शिखांच्या पहिल्याच युद्धात (१८४५-४६) इंग्रजांच्या हाती लागल्या. गव्हर्नर जनरल हार्डिंगने त्यांची कलकत्त्यापर्यंत मिरवणूक काढली, आणि काही आज इंग्लंडात आहेत. रणजितसिंगाचं सोन्याचा पत्रा मढवलेलं सिंहासनही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. कोहिनूरचं तर विचारूच नका, १८४९ च्या तहात तो 'दिला' असं लिहिलंय, सही करणारा रणजितसिंगाचा मुलगा महाराजा दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचा होता.

मे महिन्यात मुलांना घेऊन पंजाबला जातोय, अमृतसर सोडून या युद्धांचं काय बघण्यासारखं आहे? – हडपसर

मे महिन्यात? बरं, टोप्या घ्या. झेलम एक्स्प्रेसने लुधियानाला उतरा आणि मोग्यावरून फिरोजपूरचा रस्ता धरा, पहिल्या युद्धाची मैदानं याच पट्ट्यात आहेत. मुदकी १८ डिसेंबर १८४५, फिरोजशाह लगेच २१-२२ डिसेंबरला, तिथे युद्धस्मारक म्युझियम आहे, तलवारी आणि जुनी हत्यारं मुलांना आवडतील. सतलजकाठी सोबरांव, तिथे १० फेब्रुवारी १८४६ ला होड्यांचा पूल तुटला आणि हजारो शीख नदीत गेले, म्हातारा शामसिंग अटारीवाला पांढरे कपडे घालून तिथेच लढत पडला, आणि लालसिंग-तेजसिंग या सेनापतींवर फितुरीचा ठपका आजही आहे. फिरोजपूर शहरातच सारागढीचा गुरुद्वारा आहे, १८९७ च्या सारागढीच्या लढाईत पडलेल्या २१ शीख शिपायांचा, पण ते शीख इंग्रजांच्या बाजूने लढले हे मुलांना आधी सांगा नाहीतर सोबरांव बघून आल्यावर त्यांचा गोंधळ होईल. चिलियनवाला आणि गुजरात पाकिस्तानात गेलं, तिकडचा विचार सोडा.